प्राचीन भरुकच्छ : नदीबंदर, तटबंदी आणि राजसत्ता

पश्चिम भारताच्या प्राचीन व्यापाराचा विचार करताना भरुकच्छ, म्हणजे आजच्या गुजरातमधील भरूच, या नगराचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. पदवी वर्गाला शिकविताना आपण बहुधा हे नगर नर्मदेच्या मुखावरचे एक सोयीचे नैसर्गिक बंदर होते आणि म्हणून तेथे रोमन व्यापार फोफावला, असे सांगून पुढे जातो. या विधानात दोन गोष्टी तपासून घ्यावयास हव्यात. पहिली अशी की, भरुकच्छ नदीच्या मुखावर नाही. ते मुखापासून सुमारे 50 किलोमीटर आत, नर्मदेच्या उत्तर तीरावरील एका उंच टेकाडावर वसले आहे. दुसरी व अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, परकीय नाविकाच्या दृष्टीने ते सोयीचे तर नव्हतेच, उलट पश्चिम किनाऱ्यावरील अत्यंत धोक्याच्या बंदरांपैकी एक होते. असे असूनही इसवी सनाच्या पहिल्या शतकात ते या किनाऱ्यावरील अग्रगण्य बंदर का ठरले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या प्रश्नाचे उत्तर भूगोलापेक्षा राज्यव्यवस्थेत शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. महाराष्ट्राच्या इतिहासाच्या दृष्टीनेही या उत्तराला महत्त्व आहे. कारण पैठण आणि तेर येथील माल या बंदरात जात होता आणि सातवाहन-क्षहरात संघर्षाची एक किल्ली येथेच सापडते.

नाव आणि स्थान

पाली व प्राकृत वाङ्मयात 'भरुकच्छ' हे रूप येते. पुराणांनी त्याचा संबंध भृगू ऋषींशी जोडून 'भृगुकच्छ' असे संस्कृत रूप रूढ केले. 'कच्छ' म्हणजे पाण्याकाठची सखल, दलदलीची भूमी. ग्रीक लेखकांचे 'बारिगाझा' हे प्राकृत रूपाचेच अपभ्रष्ट ध्वनिरूप होय. नावात सखल दलदल आणि प्रत्यक्ष वस्ती मात्र उंच टेकाडावर, हा विरोधाभास वाटेल. परंतु खंबायतच्या आखाताची भरती ज्याने पाहिली आहे त्याला ही निवड सहज समजेल.

जातककथांत भरुकच्छ हे समुद्रप्रवासाला निघण्याचे ठिकाण म्हणून येते. सुस्सोन्दी जातकात येथील व्यापारी सुवर्णभूमीकडे निघतात. सुप्पारक जातक तर एका नाविकाचीच कथा आहे. सुप्पारक हा भरुकच्छच्या मुख्य नियामकाचा, म्हणजे तांडेलांच्या प्रमुखाचा मुलगा. खाऱ्या पाण्याने त्याची दृष्टी जाते. तो काही काळ राजाकडे वस्तूंची पारख करण्याचे काम करतो, पण राजाने दिलेले बक्षीस इतके क्षुल्लक असते की तो नोकरी सोडून परत येतो. पुढे व्यापारी त्या आंधळ्या नाविकालाच जहाजावर नेतात, कारण समुद्र ओळखणारा दुसरा कोणी त्यांच्यापाशी नसतो. कथेतील अद्भुत सागरांचे वर्णन बाजूला ठेवले, तरी एक गोष्ट उरते. या नगराच्या लोकस्मृतीत नायकपद राजाला किंवा श्रेष्ठीला नव्हे, तर वाट दाखविणाऱ्या खलाशाला मिळाले आहे. याचे कारण पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

बंदराची वाट

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील एका अज्ञात ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेले 'एरिथ्रियन समुद्राचे पेरिप्लस' हे या विषयाचे सर्वांत मोलाचे साधन. हा लेखक साहित्यिक नाही. तो व्यवहारी माणूस आहे. कोठे काय विकत मिळते, काय खपते, कोठे नांगर टाकावा, एवढेच तो सांगतो. अशा मितभाषी लेखकाने बारिगाझाच्या प्रवेशमार्गावर मात्र अनेक परिच्छेद खर्च केले आहेत. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : आखात अरुंद आहे, एका बाजूस खडकाळ पट्टा आहे, तळाच्या धारदार दगडांनी नांगरांचे दोर कापले जातात, किनारा इतका सखल आहे की अगदी जवळ जाईपर्यंत नदीचे मुख दिसत नाही आणि दिसले तरी वाळूच्या उथळ दांड्यांमुळे आत शिरणे कठीण.

त्यानंतर भरतीचे वर्णन येते. अमावास्येच्या उधाणाला समुद्राचा तळ एकाएकी उघडा पडतो. जेथे क्षणापूर्वी जहाजे तरंगत होती तेथे कोरडी जमीन दिसू लागते आणि मग पाणी दुरून येणाऱ्या सैन्याच्या गर्जनेसारखा आवाज करीत नदीत उलटे घुसते. अननुभवी माणसाचे जहाज त्या लोंढ्यात उलटते, असे तो बजावतो. हे वर्णन अतिशयोक्त नाही. खंबायतच्या आखातातील भरती-ओहोटीचा फरक उधाणाच्या दिवशी दहा मीटरच्या घरात जातो. भारताच्या किनाऱ्यावर असे दुसरे ठिकाण नाही.

या संकटावर योजलेला उपाय हाच आपल्या दृष्टीने कळीचा मुद्दा आहे. राजाच्या सेवेत असलेले स्थानिक कोळी 'त्राप्पगा' आणि 'कोतिम्बा' नावाच्या लांब होड्यांत पुरेसे नावाडी घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जात आणि येणाऱ्या जहाजांना तेथेच गाठत. तेथून ते जहाज आपल्या ताब्यात घेऊन, वाळूचे दांडे चुकवीत, भरतीबरोबर पुढे ओढत आणि ओहोटी लागली की नदीपात्रातील ठरावीक खोल डोहांत नांगरून ठेवत. असे टप्प्याटप्प्याने नदीतून सुमारे 300 स्टेडिया वर गेल्यावर नगर येई. हे अंतर आजच्या 55 किलोमीटरच्या आसपास भरते आणि प्रत्यक्ष स्थितीशी चांगले जुळते.

या माहितीचे महत्त्व नीट लक्षात घ्यावयास हवे. कोळ्यांचे ज्ञान परंपरागत होते. परंतु ते राजाच्या सेवेत होते, याचा अर्थ त्यांच्या उपजीविकेची काही ना काही तरतूद राजसत्ता करीत होती. आपल्या किनाऱ्यापासून इतक्या दूर, समुद्रात पुढे जाऊन परक्या जहाजाला सामोरे जाणे, हे निव्वळ आदरातिथ्य नव्हे. वाट दाखविणाऱ्याच्या हाती जहाजाची दिशाही असते. वाट बिकट असल्यामुळे कोणतेही जहाज राजाच्या माणसांवाचून आत येऊ शकत नव्हते आणि त्यांच्या नकळत बाहेरही जाऊ शकत नव्हते. सोयीच्या बंदरात जकात चुकविणे शक्य असते. भरुकच्छमध्ये ते जवळजवळ अशक्य होते. निसर्गाचा हा दोष राज्यकर्त्यांनी महसुलाच्या दृष्टीने गुणात रूपांतरित केला, असे म्हणावयास हरकत नाही.

तटबंदी

भरुकच्छचे उत्खनन मर्यादित प्रमाणातच होऊ शकले आहे. कारण जुन्या वस्तीच्या थरांवरच आजचे गाव उभे आहे. तरीही 1959-60 च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलेल्या उत्खननात आरंभीच्या ऐतिहासिक काळातील वस्तीभोवती मातीचा तट आणि त्याला लागून खोल खंदक आढळला. पुढील काळात या तटाला विटांचे अस्तर देण्यात आले. म्हणजे नगराची तटबंदी रोमन व्यापाराच्या भरभराटीतून निर्माण झालेली नसून तिच्या आधीपासूनची आहे. नदीबंदराच्या बाबतीत मातीचा तट दुहेरी काम करतो : शत्रूला अडवितो आणि पुरालाही. नर्मदेचा पूर व आखाताची भरती एकाच वेळी आल्यास काय होते, याचा अनुभव तटाच्या पहिल्या बांधकऱ्यांना निश्चितच असला पाहिजे.

ज्या नगरात आयात-निर्यातीचा माल महिनोन्‌महिने साठवून ठेवावा लागे, तेथे तट आवश्यकच होता. मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या व्यापारात जहाजे वर्षातून एकदाच येत. इजिप्तहून भारताकडे निघण्याचा योग्य महिना पेरिप्लसकर्त्याने जुलै हा दिला आहे. तोपर्यंत अंतर्भागातून आलेला माल कोठारांत सुरक्षित राहणे भाग होते.

हा माल कोणता होता? उज्जयिनीहून अकीक व तत्सम रंगीत दगड, तलम आणि जाडीभरडी वस्त्रे. वायव्येकडून पुष्कलावतीमार्गे जटामांसी, कुष्ठ व गुग्गुळ. याखेरीज हस्तिदंत, रेशमी वस्त्र, पिंपळी. येणाऱ्या मालात इटलीचे मद्य (लाओदिकिया व अरबस्तानचेही, पण पसंती इटलीच्या मद्याला), तांबे, कथील, शिसे, पोवळे, कच्ची काच, शिलारस, मनशीळ, सुरमा आणि सोन्याचांदीची नाणी. ही नाणी स्थानिक चलनाशी बदलताना नफा मिळतो, असेही तो नमूद करतो. राजासाठी वेगळी यादी आहे : मूल्यवान चांदीची भांडी, गाणारी मुले, अंतःपुरासाठी सुंदर तरुणी, उंची मद्य, उंची वस्त्रे व सुगंधी लेप. माणसांचाही मालाच्या यादीत समावेश करणारी ही नोंद वाचताना व्यापाराच्या वैभवाविषयी आपण जे लिहितो त्याचा स्वर थोडा खाली आणावासा वाटतो. बाजारात मात्र अपोलोडोटस आणि मिनँडर या इंडो-ग्रीक राजांची जुनी द्रम्मे अद्याप चालत होती. त्या राजांना जाऊन तेव्हा सुमारे दोनशे वर्षे झाली होती.

रोमन मद्याविषयी एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. पश्चिम भारतातील उत्खननांत सापडलेल्या अनेक कुंभांच्या तुकड्यांना पूर्वी सरसकट रोमन मद्यकुंभ म्हटले जाई. अलीकडच्या अभ्यासात, विशेषतः रोबर्टा टॉम्बर यांच्या 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथानंतर, त्यांपैकी पुष्कळ तुकडे मेसोपोटेमिया व इराणी आखाताकडील कुंभांचे असल्याचे स्पष्ट झाले आहे. तेव्हा सर्वच परदेशी माल रोमहून आला, असे समजण्याचे कारण नाही. इराणी आखाताशी असलेला भरुकच्छचा संबंध रोमन व्यापाराहून अधिक दीर्घायुषी ठरला.

दक्षिणापथाची वाट

आता महाराष्ट्राकडे वळू. बारिगाझाच्या पलीकडील दक्षिणेकडच्या प्रदेशाला स्थानिक भाषेत 'दखिनाबदेस' म्हणतात, असे सांगून पेरिप्लसकर्ता तेथील दोन बाजारपेठांची नावे देतो. बारिगाझापासून वीस दिवसांच्या अंतरावर पैठण आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावर तगर, म्हणजे तेर. या ठिकाणांहून गाड्यांतून, मोठमोठ्या वाटहीन प्रदेशांतून माल बारिगाझाला येतो : पैठणहून अकीक, तेरहून विविध प्रकारची वस्त्रे.

येथे प्रश्न उपस्थित होतो. पैठणच्या व्यापाऱ्याला समुद्र गाठावयाचा तर जुन्नर आणि नाणेघाटमार्गे कल्याण अथवा सोपारा ही बंदरे कितीतरी जवळची. नाणेघाटातील सातवाहनांचे लेणे व लेख हेच दाखवितात की, ही वाट राजमान्य व नित्याची होती. तरीही तेरचे कापड तीस दिवसांचा गाडीप्रवास करून नर्मदेकाठी का जाते?

उत्तर पेरिप्लसच्या पुढच्याच परिच्छेदात आहे. थोरल्या सारगनेसच्या, म्हणजे सातकर्णीच्या, काळी कल्याण हे कायदेशीर बाजारपेठेचे बंदर होते. परंतु ते सांदानेसच्या ताब्यात आल्यापासून तेथे फार अडथळे निर्माण झाले आणि चुकून तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात बारिगाझाला नेली जातात. सांदानेस कोण, यावर विद्वानांत दीर्घकाळ वाद आहे. कोणी त्याला सुंदर सातकर्णी मानतात. सिल्व्हाँ लेव्ही यांनी त्याचा संबंध कुषाणांच्या 'चंदन' या पदवीशी जोडला. या वादात न शिरताही एक गोष्ट निर्विवाद राहते : जहाजे पहाऱ्यात कोणत्या दिशेला नेली जात होती, यावरून अडवणुकीचा लाभ कोणास होता हे उघड होते. भरुकच्छची भरभराट अंशतः कल्याणच्या नाकेबंदीवर उभी होती. सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत वाटाडे पाठविणारी आणि कल्याणला आलेली जहाजे पहाऱ्यात भरुकच्छकडे आणविणारी धोरणे परस्परपूरक होती.

उषवदाताची दाने

पेरिप्लसमध्ये या प्रदेशाच्या राजाचे नाव 'मानबानोस' किंवा 'नामबानोस' असे वाचले जाते. तो क्षहरात क्षत्रप नहपान होय, हे मत 1897 मध्ये बॉये यांनी मांडले आणि आज ते सर्वसाधारणपणे मान्य आहे. नहपानाचा जावई उषवदात याचे नाशिकच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील लेख महाराष्ट्रात अभ्यासकांना परिचित आहेत. त्यांचा विचार बहुधा धार्मिक दानाच्या संदर्भात होतो. बंदराच्या दृष्टीने ते वाचले तर निराळेच चित्र दिसते.

उषवदाताने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी चौसोपी विश्रामगृहे बांधली. ही ठिकाणे म्हणजे नर्मदेवरील बंदर, माळव्यातील मंदसोर, नाशिकजवळचे ठाणे आणि सोपारा. नकाशावर ही चार टिंबे जोडली की क्षहरातांचा व्यापारी मार्ग समोर येतो. त्याच लेखात इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर पुण्यार्थ, म्हणजे बिनमूल्य, नावांची सोय केल्याचा आणि दोन्ही तीरांवर धर्मशाळा व पाणपोया उभारल्याचा उल्लेख आहे. पारादा म्हणजे पार, दमणा म्हणजे दमणगंगा, दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी. सोपाऱ्याहून उत्तरेकडे किनाऱ्याने निघालेल्या गाडीवानाला भरुकच्छला पोहोचेपर्यंत जे जलप्रवाह आडवे येतात, त्यांतील प्रमुख प्रवाह या यादीत आले आहेत. दात्याला पुण्य मिळालेच असेल. पण कोकणचा माल उत्तरेकडे वळविण्याचा याहून परिणामकारक उपाय सांगता येणार नाही.

याच लेण्यातील दुसऱ्या लेखात गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे एकूण 3000 कार्षापणांची कायम ठेव ठेवल्याचे नमूद आहे. 2000 दरमहा शेकडा एक दराने आणि 1000 शेकडा पाऊण दराने. तेथेच 70,000 कार्षापण म्हणजे 2000 सुवर्ण, असा विनिमयदरही मिळतो. विणकरांकडे भांडवल, नद्यांवर नावा, मुक्कामाला विश्रामगृहे आणि समुद्रात राजाचे नावाडी. क्षहरात राज्याचा एवढा आटोपशीर आर्थिक आराखडा अन्य कोणत्याही साधनात मिळत नाही.

कोश आणि सैन्य

नहपानाच्या अखेरीविषयी आवश्यकसूत्रावरील जैन टीकापरंपरेत एक कथा आहे. भरुकच्छचा राजा नहवाहण कोशाने समृद्ध होता. प्रतिष्ठानचा सालवाहण सैन्याने समृद्ध होता. सालवाहण वारंवार भरुकच्छला वेढा घाली, पण नहवाहण शत्रूचे शिर आणणाऱ्याला मुक्तहस्ते द्रव्य देई, त्यामुळे वेढा निष्फळ ठरे. शेवटी सालवाहणाने आपल्या एका अमात्याला खोटेच हद्दपार केले. तो भरुकच्छला गेला, नहवाहणाचा विश्वास संपादन केला आणि त्याला देवालये, तळी व विहिरी यांवर खर्च करण्याचा उपदेश केला. कोश रिता झाल्यावर सालवाहण पुन्हा आला आणि नगर पडले.

कथा उत्तरकालीन असून तिचा उद्देश इतिहासकथनाचा नाही. उषवदाताची प्रचंड दाने आणि या कथेतील धर्मकृत्यांवरील उधळपट्टी यांचा मेळ घालण्याचा मोह अभ्यासकांना होतो. तो आवरलेला बरा. मात्र कथेतील एक जाण खरी आहे. भरुकच्छचे बळ तटापेक्षा कोशात आणि कोशाचे बळ बंदरात होते, हे कथाकाराला पक्के ठाऊक होते.

कथेच्या तपशिलाविषयी शंका असली, तरी तिच्या निष्पत्तीला स्वतंत्र पुरावा आहे. नहपानाच्या काळातील अखेरचा ज्ञात लेख 46 या वर्षाचा, त्याच्या अयम नावाच्या अमात्याचा जुन्नर येथील आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या अठराव्या वर्षी गोवर्धनजवळील विजयी छावणीतून आज्ञा देऊन, पूर्वी उषवदाताच्या भोगवट्यात असलेले शेत नाशिकच्या भिक्षूंना दिले. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे सापडलेल्या नाण्यांच्या साठ्यात नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा उमटविली होती. नहपानाची चांदी वितळवून नवी नाणी पाडण्याऐवजी त्याने आहे त्याच नाण्यांवर छाप मारला. व्यापाराला सवयीचे झालेले वजन व आकार त्याला मोडावयाचे नव्हते, असे यावरून अनुमान काढता येते.

गौतमी बलश्रीच्या नाशिक लेखात गौतमीपुत्राच्या ताब्यातील प्रदेशांत सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप आणि आकरावंती यांची नावे येतात. भरुकच्छचे नाव नाही. परंतु यादी प्रदेशांची आहे, नगरांची नाही. अनूप म्हणजे नर्मदेच्या मध्यखोऱ्यातील प्रदेश आणि अपरांत म्हणजे उत्तर कोकण; भरुकच्छ या दोहोंच्या बेचक्यात येते. या संघर्षाला केवळ शक विरुद्ध एतद्देशीय असे रूप देणे त्यामुळे अपुरे ठरते. दख्खनचा माल कोणत्या बंदरातून बाहेर पडावा आणि त्यावरील जकात कोणाच्या कोशात जावी, हा त्यातील एक मूलभूत प्रश्न होता. सातवाहनांचे हे यश फार काळ टिकले नाही. इ. स. 150 च्या जुनागढ लेखात कार्दमक वंशाचा रुद्रदामन अनूप, अपरांत, सुराष्ट्र, कुकुर हेच प्रदेश आपले म्हणून सांगतो आणि दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा जिंकून, निकटच्या आप्तसंबंधामुळे त्याचा समूळ नाश केला नाही, असेही नोंदवितो.

उत्तरकाळ

रोमन जहाजे पुढे कमी झाली, तरी भरुकच्छ ओस पडले नाही. सहाव्या ते आठव्या शतकांत येथे गुर्जर घराण्याची सत्ता होती. इ. स. 640 च्या सुमारास आलेला चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याने या प्रदेशाची जमीन खारट व झाडोरा विरळ असल्याचे लिहिले आहे. लोक समुद्राचे पाणी उकळून मीठ करतात आणि त्यांची सारी प्राप्ती समुद्रावर अवलंबून आहे. दहाएक विहार व सुमारे तीनशे भिक्षू त्याने नोंदविले. त्याच सुमारास बहरैनच्या अरब अधिकाऱ्याने ठाण्याबरोबर 'बरवस' या बंदरावरही आरमारी स्वारी पाठविल्याचे बलाझुरी सांगतो; बरवस म्हणजे भरुकच्छ. ती जहाजे नर्मदेच्या मुखातील वाळूच्या दांड्यांतून कोणाच्या मार्गदर्शनाखाली आत शिरली, याविषयी मात्र तो एक शब्दही लिहीत नाही.